नागरिकत्वाच्या चाचण्या: कुठे पैसे वसूल, कुठे नुसतं पाठांतर

ब्रिटनची 'लाइफ इन द यूके' चाचणी: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला १८ बरोबर, फी ५० पौंड. जर्मनीची नागरिकत्व चाचणी: ३३ प्रश्न, ६० मिनिटं, १७ बरोबर, फी २५ युरो. डेन्मार्कमध्ये ४५ पैकी ३६ लागतात, शिवाय मूल्यांवरच्या ५ प्रश्नांपैकी किमान ४ यावे लागतात. अमेरिकेत अधिकारी समोर बसून तोंडी २० प्रश्न विचारतो, त्यातले १२ यायला हवेत. यातली सोपी कुठली, एवढीच चौकशी बहुतेक जण करतात. आम्ही या चाचण्यांकडे सरकारने पैसे घेऊन पुरवलेली सेवा म्हणून पाहिलं आहे. बुकिंग कसं होतं, अभ्यासाचं साहित्य कसं मिळतं, प्रश्न कशावर असतात, नापास झालात तर काय आणि एवढं करून त्या देशात राहायला उपयोगी पडेल असं काही पदरात पडतं का, हे आमचे निकष.

यातली बरीचशी व्यवस्था तणावाच्या काळात उभी राहिली. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्न्ली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या, २००२ मध्ये ब्रिटनने नवा कायदा केला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये चाचणी सुरू झाली. नेदरलँड्समध्ये २००४ साली चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांचा खून झाल्यावर स्थलांतराचा वाद पेटला. मार्च २००६ पासून तिथे येऊ पाहणाऱ्यांची परीक्षा त्यांच्या मायदेशातच, डच वकिलातीत, घ्यायला सुरुवात झाली. सिडनीजवळच्या क्रोनुला किनाऱ्यावर डिसेंबर २००५ मध्ये दंगल झाली आणि ऑक्टोबर २००७ पासून ऑस्ट्रेलियात चाचणी आली. रस्त्यावरचा राग वाढला की सरकारला काहीतरी करून दाखवावं लागतं. भाषेचे वर्ग, घरं, शाळा यांना पैसा आणि वर्षं लागतात, प्रश्नपत्रिका मात्र एका अधिसूचनेने बदलता येते. सध्या तेच पुन्हा चाललं आहे. २०२४ मध्ये इंग्लंडात आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेले. फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन निवडणुकीत स्थलांतरविरोधी 'एएफडी' पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. त्यानंतर दोन्ही देशांत नियम आवळायला सुरुवात झाली आहे, आणि त्याचा हिशेब या चाचण्यांच्या रांगेत उभ्या असलेल्यांना चुकवावा लागतो.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त तक्रारी याच सेवेबद्दल आहेत आणि त्या रास्त आहेत.

बुकिंग फक्त सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर करायचं, किमान ३ दिवस आधी. शोध घेतल्यावर हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं समोर येतात आणि त्याच बुकिंगचे जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट यूके आहे का, हे पाहिल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका. नाव ओळखपत्रावर जसं छापलंय तसंच्या तसं लिहायचं, मधल्या नावासकट आणि त्याच क्रमाने. इथे फार जण अडकतात. पासपोर्टावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, बुकिंग करताना रोजच्या सवयीने फक्त नाव-आडनाव लिहिलं जातं आणि केंद्रावर परत पाठवलं जातं. फीही बुडते. चूक लक्षात आली तर चाचणीच्या ३ दिवस आधीपर्यंत नाव दुरुस्त करता येतं किंवा बुकिंग रद्द करून पैसे परत मिळतात. त्यानंतर काही करता येत नाही. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र सोबत न्यायचं. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

चाचणी संगणकावर होते. प्रश्नांचे चार प्रकार आहेत: चारातलं एक उत्तर निवडा, चूक की बरोबर, दोन विधानांतलं खरं कुठलं, आणि चारातली दोन उत्तरं निवडा. शेवटच्या प्रकारात घाईघाईने एकच पर्याय निवडून पुढे जाणारे गुण घालवतात, कारण दोन्ही बरोबर आले तरच गुण मिळतो. ४५ मिनिटं भरपूर आहेत. पहिल्या फेरीत सगळी उत्तरं देऊन दुसऱ्या फेरीत फक्त 'दोन निवडा' असे प्रश्न तपासा. निकाल तिथेच कळतो. पास झालात तर एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि तो पुढे कायमस्वरूपी वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अशा दोन्ही अर्जांत चालतो. त्याची मुदत संपत नाही. नापास झालात तर ७ दिवस थांबून पुन्हा ५० पौंड भरायचे. कितीही वेळा बसता येतं, म्हणजे कितीही वेळा पैसेही भरावे लागतात.

इथवर सेवा ठाकठीक आहे. गडबड आहे ती अभ्यासक्रमात. सगळे प्रश्न एकाच अधिकृत पुस्तकातून येतात. त्याची तिसरी आवृत्ती २०१३ ची, किंमत सुमारे १३ पौंड. प्रश्नांची मूळ यादी मात्र सरकार प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे पुस्तकातली कुठलीही ओळ विचारली जाईल या धास्तीने उमेदवार अख्खं पुस्तक घोकतो. 'लंडन आय' या पाळण्याची उंची ४४३ फूट, हे त्यात आहे. १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर शेख दीन महंमद यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं आणि ब्रिटनमधलं करीचं ते पहिलं उपाहारगृह, हेही आहे. ही माहिती छानच आहे, बाहेरून आलेल्या एका माणसाने या देशाच्या जेवणावर आपली छाप कशी सोडली हे त्यातून कळतं. पण चाचणीत उरतात ते फक्त नाव आणि सन. आजारी पडल्यावर डॉक्टरकडे नोंदणी कशी करायची, गुन्हा झाला तर कुठे कळवायचं अशा रोजच्या गोष्टींना आधीच्या आवृत्त्यांत चांगली जागा होती. २०१३ मध्ये तो भाग आटला आणि इतिहास वाढला. डरहॅम विद्यापीठाचे थॉम ब्रुक्स यांनी त्याच वर्षी ही चाचणी पबमधल्या वाईट प्रश्नमंजुषेसारखी असल्याची टीका केली. २०२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्याय व गृहविषयक समितीनेही हाच ठपका ठेवला. पुस्तक अजून तेच आहे.

पाठांतरावर चालणाऱ्या परीक्षेत तोतये शिरतातच. २०२५ मध्ये लंडनच्या एका न्यायालयाने, निरनिराळे विग घालून दुसऱ्यांच्या नावावर ही चाचणी देत फिरणाऱ्या एका बाईला तुरुंगात पाठवलं. दलाल 'गॅरंटीड पास' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असतं. पकडले गेलात तर चाचणी रद्द होतेच, शिवाय फसवणुकीचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो.

खर्चाचा विचार करताना ५० पौंडांवर थांबू नका. बी-१ पातळीची (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची मध्यम पातळी) इंग्रजीची परीक्षा वेगळी द्यावी लागते (इंग्रजी माध्यमातल्या पदवीने सूट मिळू शकते), आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रौढाच्या नागरिकत्व अर्जाची फी समारंभासकट १७३५ पौंड झाली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठीची मुदत सर्वसाधारणपणे ५ वर्षांवरून १० वर्षांवर न्यायचा प्रस्ताव आला. चाचणीच्या निकालाला मुदत नसल्यामुळे ती लवकर देऊन ठेवण्यात तोटा नाही. अर्जाचा नियम मात्र ऐकीव माहितीवर धरू नका, अर्जाच्या दिवशी लागू असलेला वाचा.

जर्मनीची सेवा या सगळ्यांत आम्हाला उजवी वाटते, आणि त्याचं पहिलं कारण पारदर्शकता. एकूण ३१० प्रश्न: ३०० सगळ्या देशासाठी, १० तुमच्या राज्यासाठी. सगळेच्या सगळे उत्तरांच्या पर्यायांसह सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि सराव चाचणीही तिथेच आहे. प्रत्यक्षात ३० सामान्य आणि ३ राज्याचे प्रश्न येतात. सराव करताना आपलं राज्य बरोबर निवडा. बायर्नमध्ये राहणाऱ्याने बर्लिनचा झेंडा आणि राजमुद्रा पाठ करून उपयोग नाही, राज्याचे तीन प्रश्न फुकट जातात.

दुसरं कारण प्रश्नांचा रोख. यादीतला पहिलाच प्रश्न असा: जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, कारण काय? पर्याय: धर्मस्वातंत्र्य आहे म्हणून, लोक कर भरतात म्हणून, मताधिकार आहे म्हणून, मतस्वातंत्र्य आहे म्हणून. आणखी एक: दोन मित्र सार्वजनिक जलतरण तलावावर जातात, दोघंही सावळे म्हणून त्यांना आत सोडत नाहीत, यात कुठला हक्क डावलला गेला? सज्ञान मुलगी जोडीदाराबरोबर राहते, आईवडिलांना तो पसंत नाही, ते काय करू शकतात, असाही प्रश्न आहे. नवा आलेला माणूस अशी उत्तरं घोकत असतानाच स्वतःचे हक्क शिकतो. उद्या कोणी त्याला तलावाच्या दारात अडवलं तर काय म्हणायचं हे त्याला माहीत असतं. संस्कृतींच्या संघर्षावर इतकं बोललं जातं, पण तो संघर्ष जिथे खरोखर होतो त्या जागा (तलाव, घर, शाळा, नोकरीची मुलाखत) प्रश्नपत्रिकेत आणण्याचं काम या यादीने बऱ्याच अंशी केलं आहे.

ही यादी इथवर सरळ मार्गाने आली नाही. जानेवारी २००६ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने अर्जदारांच्या मुलाखतीसाठी ३० प्रश्नांची एक मार्गदर्शिका काढली. रोख मुस्लिम देशांतून आलेल्यांवर होता आणि लोक तिला 'मुस्लिम चाचणी' म्हणू लागले. २०११ मध्ये ती बंद झाली. सप्टेंबर २००८ पासून सगळ्या देशात एकच चाचणी आली, सर्वांना सारखी. एका समाजाला बाजूला काढून त्याची झडती घेणं आणि सगळ्यांना तोच कायदा समजावणं यातला फरक याच एका देशात दोन वर्षांच्या अंतराने दिसला.

उणिवा आहेत. चाचणी बहुतेक ठिकाणी 'फोक्सहोखशूल' या लोकशिक्षण केंद्रात कागदावर होते. मोठ्या शहरांत तारीख मिळायला महिनेही जातात, निकालही टपालाने काही आठवड्यांनी येतो. अर्ज करायचा विचार पक्का झाला की आधी तारीख घ्या, अभ्यास नंतर. तुम्ही ७०० तासांचा एकात्मता अभ्यासक्रम करत असाल (६०० तास भाषा, १०० तास देशाची ओळख), तर शेवटी हीच चाचणी 'लेबेन इन डॉइचलांड' या नावाने होते. तिथे १५ बरोबर आले तर त्या भागात पास, पण नागरिकत्वासाठी १७ लागतात. १६ वर थांबलेल्यांना हे पुढे कार्यालयात कळतं आणि पुन्हा बसावं लागतं. नागरिकत्वाच्या अर्जाची फी २५५ युरो, ब्रिटनच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. जून २०२४ पासून ५ वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि जर्मन कायदा जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. खास प्रगती दाखवणाऱ्यांसाठीची ३ वर्षांची वाट मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद करण्यात आली. जुने लेख आणि व्हिडिओ ती अजून सांगतात, त्यावर विसंबू नका.

अमेरिकेतही प्रश्नांची यादी उघड आणि फुकट आहे, ही मोठी जमेची बाजू. पण यादी कुठली, हे अर्जाच्या तारखेवर ठरतं. २० ऑक्टोबर २०२५ पूर्वी एन-४०० (नागरिकत्वाचा) अर्ज दाखल झाला असेल तर २००८ ची चाचणी: १०० प्रश्नांची यादी, विचारणार १०, हवेत ६. त्या दिवशी किंवा नंतर दाखल झाला असेल तर १२८ प्रश्नांची यादी, विचारणार २०, हवेत १२. १२ बरोबर किंवा ९ चूक झाले की अधिकारी तिथेच थांबतो. बाजारातली पुष्कळ ॲप अजून शंभरच्या यादीवर आहेत. ॲप उघडल्यावर आधी एकूण प्रश्न मोजा.

उत्तर तोंडी द्यायचं असल्याने पर्याय समोर नसतात, आणि वाचून ओळखणं वेगळं, आठवून सांगणं वेगळं. घरात कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने सराव करा, नुसती प्रश्नोत्तरांची कार्डं उलटून भागत नाही. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, तुमच्या राज्याचे गव्हर्नर आणि सेनेटर यांची नावं मुलाखतीच्या दिवशीची लागतात. मध्ये निवडणूक झाली असेल तर उत्तर बदलतं. इंग्रजीसाठी तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं आणि तीनपैकी एक लिहायचं. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी, तीही फक्त राहिलेल्या भागासाठी आणि वेगळी फी न भरता. अर्ज ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रयत्नाला पैसे मोजणाऱ्याला ही दुसरी संधी उदार वाटेल. पण चाचणीबाहेरचं दार याच काळात अरुंद झालं आहे. ऑगस्ट २०२५ पासून 'चांगलं चारित्र्य' तपासताना अधिकाऱ्याने उमेदवाराचं समाजातलं योगदानही पाहावं अशी सूचना आहे. १२८ प्रश्न पाठ करता येतात, योगदान कशाने सिद्ध होईल याची तशी यादी मिळत नाही. करभरणा, नोकरी, स्वयंसेवी काम, मुलांचं शिक्षण यांची कागदपत्रं मुलाखतीला सोबत ठेवा.

डेन्मार्कची चाचणी वर्षातून दोनदाच होते, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. एक हुकली की सहा महिने गेले. ४५ प्रश्नांसाठी ४५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, तेही डॅनिशमध्ये. ३५ प्रश्न सरकारी अभ्यास साहित्यातून येतात, ५ चालू घडामोडींवर आणि ५ मूल्यांवर. या दहा प्रश्नांसाठी पुस्तक नाही. आधीचे काही महिने रोज डॅनिश बातम्या वाचणं हाच अभ्यास. मूल्यांच्या प्रश्नांत दोन चुकले तर एकूण ४३ येऊनही माणूस नापास होतो. ही अट २०२१ मध्ये घातली गेली. त्यानंतरही प्रकरण संपत नाही. नागरिकत्व संसद कायदा करून देते, अर्जदारांची नावं त्या विधेयकात असतात. २०१९ पासून समारंभात अधिकाऱ्याशी हातमोजे न घालता हस्तांदोलन करणं बंधनकारक आहे. धर्माच्या कारणाने परक्या स्त्री-पुरुषाशी हात न मिळवणारे मुस्लिम डोळ्यासमोर ठेवूनच ही अट घातली गेली, हे त्या वेळच्या चर्चेत लपवलं गेलं नव्हतं. ज्याने भाषा शिकली, वर्षानुवर्षं कर भरला, चाचणी पास केली, त्याला शेवटच्या पायरीवर असं अडवणं आम्हाला अपमानास्पद वाटतं. सेवा म्हणून डेन्मार्क सर्वांत खाली.

ऑस्ट्रेलियात २० प्रश्न, ७५ टक्के गुण हवेत. नोव्हेंबर २०२० पासून मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर यावे लागतात. अभ्यास पुस्तिका फुकट मिळते आणि चाचणीची वेगळी फी नाही. २००७ च्या साहित्यात डोनाल्ड ब्रॅडमनही होते. २००९ मध्ये ते काढून टाकले गेले आणि ते योग्यच झालं. क्रिकेट आवडणाऱ्या माणसालासुद्धा ब्रॅडमनच्या सरासरीवरून मताधिकार मिळू नये. याच देशात १९०१ ते १९५८ श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकारी युरोपातली कुठलीही भाषा निवडून ५० शब्दांचा उतारा सांगायचा. १९०९ नंतर कोणीही ती पास झालं नाही, कारण नको असलेल्या माणसाला न येणारीच भाषा निवडली जायची. १९३४ मध्ये नाझीविरोधी पत्रकार एगॉन किश यांना बऱ्याच युरोपीय भाषा येतात म्हणून स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा दिला गेला. उच्च न्यायालयाने ही भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नाही म्हणून किश यांच्याविरुद्धचं प्रकरण फेटाळलं. प्रश्नांची यादी आधी जाहीर असावी हा आमचा आग्रह या इतिहासामुळे आहे.

कॅनडाची सेवा सुटसुटीत आहे: ऑनलाइन, २० पैकी १५, ४५ मिनिटं, ३० दिवसांत तीन प्रयत्न, पुस्तिका फुकट. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, म्हणून लॅपटॉप आणि इंटरनेट आदल्या दिवशी तपासा. नेदरलँड्सच्या वकिलातीतल्या परीक्षेची फी १५० युरो, आणि अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना ती द्यावीच लागत नाही. डच येत नसलेला टोकियोचा माणूस थेट जातो आणि तितकंच डच येणाऱ्या मोरोक्कोच्या बाईला नवऱ्याकडे जाण्याआधी परीक्षा द्यावी लागते. भाषेची गरज खरी असती तर ती दोघांनाही सारखीच असायला हवी होती. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून नवी नागरी परीक्षा आणली आहे: ४० प्रश्न, ४५ मिनिटं, ३२ बरोबर. त्याच दिवसापासून नागरिकत्वासाठी भाषेची पातळी बी-१ वरून बी-२ वर गेली. आमच्या मते खरी अडचण तीच आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला जाणाऱ्या माणसाला ही एक पायरी चढायला सहज वर्ष लागतं.

घरातल्या वयस्कर माणसांसाठी फी भरण्याआधी वयाची सूट पाहा. ब्रिटनमध्ये ६५ पूर्ण झाल्यावर चाचणीही नाही आणि इंग्रजीची अटही नाही. कॅनडात ५५ पासून दोन्हींतून सुटका, ऑस्ट्रेलियात ६० पासून चाचणी माफ. अमेरिकेत ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं झाली असतील तर खुणा केलेल्या २० प्रश्नांतूनच १० विचारतात, ६ पुरतात, आणि ते मातृभाषेत देता येतात. त्यासाठी दुभाष्या मात्र स्वतः न्यावा लागतो.